अंगणातील पाखरांची खानेसुमारी

माणसांची खानेसुमारी व्हावी, गुराढोरांची व्हावी, जमिनीची मोजणी व्हावी, हे आपल्याला उमजते. कारण त्यामागे कर असतो, वारसा असतो, प्रसंगी वादही असतो. परंतु अंगणातल्या साळुंक्या आणि बुलबुल मोजावेत, तेही प्रौढ आणि सुशिक्षित माणसांनी हाती कागद घेऊन मोजावेत, याचे प्रथमदर्शनी हसूच येते. मलाही आले होते. फेब्रुवारीतील एका रविवारी माझी भाची मला इंदूरच्या पोलोग्राउंडावर अशा गणनेसाठी घेऊन गेली. गेलो तो तिच्या हौसेखातर. परतलो तो एका प्रश्नाचे ओझे घेऊन. तो प्रश्न आणि त्यामागचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

होळकर संस्थानच्या काळी पोलोग्राउंड हे खरोखरच पोलोचे मैदान होते. आज तेथे घोडेही नाहीत आणि चेंडूही नाही. मैदानाच्या जागी औद्योगिक वसाहत उभी आहे. पश्चिम मध्य प्रदेशाला वीज पुरविणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. पत्र्याच्या शेडी, मालमोटारी आणि तारांचे जाळे आहे. मैदान गेले, नाव उरले. तथापि कुंपणांच्या आत कडुनिंब आणि पिंपळ तग धरून आहेत, आणि जुन्या घरांपुढे चार-दोन वाफ्यांच्या बागाही आहेत. त्यांपैकी एक बाग आमच्या वाट्याला आली होती.

गणनेचा नियम सोपा. निदान पंधरा मिनिटे एका जागी थांबावे, ओळखू येईल तो प्रत्येक पक्षी लिहावा, त्याची संख्या लिहावी, आणि तोच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये याची काळजी घ्यावी. कडुनिंबावर सात साळुंक्या होत्या. शेडीच्या पन्हळीवर पारव्यांची रांग होती. जास्वंदीत एक शिंजीर, तारेवर एक कोतवाल, बुलबुलांची जोडी, तीन कावळे, वर घिरट्या घालणाऱ्या दोन घारी. पिंपळात लपलेला तांबट तांब्याच्या भांड्यावर ठोके घालावे तसा बोलत होता. पत्र्याच्या कडेवर शेपटी थरथरवीत बसलेल्या काळ्या-तांबूस पाखराला भाचीने थिरथिरा म्हणून ओळखले. हिमालयात आणि मध्य आशियात वीण करणारा हा पक्षी हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो, असे तिने सांगितले.

"नीळकंठ लिही," मी म्हणालो.

"कुठे आहे, मामा?"

"आत्ता दिसत नाही. पण इथल्या तारांवर असतोच तो."

"तुम्ही शेवटचा केव्हा पाहिलात?"

मला उत्तर देता आले नाही. जिची सारी हयात उलटतपासणीत गेली अशा व्यक्तीची एका मुलीने एकाच प्रश्नात उलटतपासणी संपविली. आमच्या पुरावा कायद्याचे एक जुने तत्त्व आहे. १८७२ च्या कायद्यात ते कलम ६० मध्ये होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. तोंडी साक्ष प्रत्यक्ष असली पाहिजे. पाहण्याजोगी गोष्ट ज्याने स्वतः पाहिली, त्यानेच ती सांगितली पाहिजे. माझा 'असतोच' हा शब्द कोणत्याही न्यायालयात टिकला नसता. भाचीने नीळकंठ लिहिला नाही. शेवटी 'ओळखू आलेले सर्व पक्षी नोंदविले आहेत काय?' या प्रश्नापुढे तिने 'होय' अशी खूण केली. त्या एका खुणेने यादीत नसलेल्या पाखरांचीही नोंद होते, हे तिने मला नंतर समजावून सांगितले. एका यादीत एखादे पाखरू नसणे हा योगायोग असू शकतो. वर्षानुवर्षे हजारो याद्यांत ते विरळ होत जाणे हा पुरावा ठरतो.

पक्ष्यांच्या मोजदादीची परंपरा जुनी आहे. परंतु पूर्वी बहुधा मेलेले पक्षी मोजले जात. भरतपूरजवळ केवलादेवच्या अभयारण्यात एक दगडी फलक आहे. कोणत्या वर्षी कोणत्या पाहुण्याच्या शिकारीत किती पक्षी पडले, याचा हिशेब त्यावर कोरलेला आहे. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, अशी त्यात नोंद आहे. आकडा बिनचूक आहे. शेवटच्या तीनाचाही त्यात विसर पडलेला नाही. मोजण्याची हौस आपल्याकडे होती. ती कशासाठी वापरावी, एवढाच प्रश्न होता.

अमेरिकेतही नाताळच्या दिवशी तट पाडून शिकार करण्याची आणि अधिक पक्षी मारील त्याला विजयी ठरविण्याची चाल होती. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचविले की, त्याच दिवशी बंदूक घरी ठेवून पक्षी नुसते मोजावेत. त्या पहिल्या वर्षी २७ माणसांनी २५ ठिकाणी गणना केली. चॅपमन यांनी लोकांची स्पर्धेची आवड मोडली नाही. सण तोच ठेवला आणि कृती बदलली. पुढे १९७९ साली इंग्लंडात पक्षिसंरक्षणाच्या राजमान्य संस्थेने मुलांसाठी जानेवारीत घरच्या बागेतील पक्षी तासभर मोजण्याचा उपक्रम सुरू केला. १९९८ साली अमेरिकेत फेब्रुवारीतील चार दिवसांची परसबाग-गणना सुरू झाली. २०१३ पासून ती जगभर होते, आणि भारतही त्याच वर्षापासून तीत आहे. आम्ही पोलोग्राउंडावर केली ती हीच.

इंदुरास या कामाचा स्वतःचा वारसा आहे, हे मला पुस्तके चाळताना उमगले. पहिल्या महायुद्धाच्या काळात होळकर दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश विद्वानाला बोलाविले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. गेडीस मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. आधी पाहणी, मग योजना, हे त्यांचे सूत्र होते. शहर बदलण्याआधी ते गल्लोगल्ली फिरून पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. प्लेगाच्या दिवसांत त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीलाच शहरस्वच्छतेच्या उत्सवाचे रूप दिले, ही हकिकत प्रसिद्ध आहे.

त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी सलीम अली यांची संस्थानी पाहणी झाली. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर आणि भोपाळ या संस्थानांच्या अधिपतींनी आपापल्या मुलखातील पक्ष्यांच्या पाहणीस आश्रय दिला, आणि सलीम अलींनी ह्यू व्हिसलर यांच्या साहाय्याने ती तडीस नेली. मध्य हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरील त्यांचे लेखन १९३९-४० च्या सुमारास मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात आले. भरतपूरचा तो आकडा दगडावर चढला, त्याच सुमाराची ही गोष्ट. एका संस्थानात पक्ष्यांचा खच मोजला जात होता आणि दुसऱ्या संस्थानात पक्ष्यांची ओळख लिहिली जात होती.

तरी त्या पाहणीचा मुख्य प्रश्न 'कोणत्या जाती कोठे आढळतात' हा होता. 'किती आहेत' आणि 'पूर्वीपेक्षा कमी की अधिक' हे प्रश्न एका विद्वानाच्या एका फेरीने सुटत नाहीत. त्यासाठी तीच जागा, तोच ऋतू, तीच रीत, आणि वर्षामागून वर्षे पाहणारे पुष्कळ डोळे लागतात. राजाश्रय येथे पुरत नाही, लोकाश्रयच हवा.

अशा सातत्याने काय हाती येते, याचे इंग्लंडातील उदाहरण बोलके आहे. तेथील बागांच्या गणनेत चिमणी वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर येत राहिली. क्रमांक पाहणारा म्हणेल, सारे क्षेम आहे. पण १९७९ शी तुलना करता प्रत्येक बागेत दिसणाऱ्या चिमण्यांची सरासरी संख्या निम्म्याहूनही खाली गेल्याचे आढळले. पहिला क्रमांक राखूनही एखादी जात ओसरत जाऊ शकते, हे आकड्यांच्या मालिकेवाचून कोणाला कळले असते?

आपल्याकडे गोष्ट याहून विचित्र घडली. चिमणी नाहीशी झाली, असा शोक आपण फार दिवस करीत आहोत. हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून तयार झालेल्या २०२० च्या अखिल भारतीय अहवालाने दाखविले की, मुंबई, दिल्ली यांसारख्या सहा महानगरांत चिमणी घटली असली, तरी देशभराचा विचार करता तिची संख्या बहुतांशी स्थिर आहे. २०२३ च्या अहवालासाठी तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी तपासल्या गेल्या आणि ९४२ जातींचा विचार झाला. त्यात घटणाऱ्या जातींपैकी चौदांची धोक्याची पायरी जागतिक सूचीत पुन्हा तपासावी, अशी शिफारस आहे. त्या चौदांत नीळकंठ आहे.

म्हणजे आपण ज्या पाखरासाठी रडलो ते बरेचसे टिकून आहे, आणि ज्याच्यासाठी कोणी अश्रू ढाळला नाही, ते नजरेआड होत चालले आहे. नीळकंठ हा मोकळ्या माळाचा, शेताच्या बांधाचा, तारेवर बसून जमिनीवरचे किडे टिपणारा पक्षी. आणि मोकळ्या माळरानांवर राहणाऱ्या पक्ष्यांची पीछेहाट झाल्याचे तोच अहवाल सांगतो. पोलोग्राउंडावरील आमच्या पंधरा मिनिटांनी काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. पण ती पंधरा मिनिटे त्या तीन कोटींच्या राशीतच पडतात.

येथे मला स्वतःची एक कबुली देणे भाग आहे. विजयादशमीला नीळकंठाचे दर्शन शुभ, ही श्रद्धा माळव्यात घरोघर आहे. रावणवधापूर्वी श्रीरामांना त्याचे दर्शन घडले, असे सांगतात. नावाने तर तो साक्षात शिवच. लहानपणी दसऱ्याच्या सकाळी आमच्या दारी एक फासेपारधी पिंजरा घेऊन येई. पिंजऱ्यात नीळकंठ असे, पंख मिटलेला, निश्चल. वडील हात जोडीत, पिंजऱ्यावर पैसे ठेवीत, आणि मीही नमस्कार करी. ते पाखरू उडत का नाही, हे मी कधी विचारले नाही. दसऱ्यासाठी नीळकंठ पकडले जातात, त्यांचे पंख बांधले किंवा डिंकाने चिकटविले जातात, आणि त्यांतील कित्येक पुढे जगत नाहीत, हे मला फार उशिरा कळले. वडिलांची श्रद्धा निर्मळ होती. पण पिंजऱ्यावर ठेवलेला तो रुपयाच पुढच्या वर्षीच्या सापळ्याचे मूल्य होता.

कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पकडणे आणि सापळ्यात अडकविणे यांचाही समावेश आहे. तेव्हा पिंजऱ्यातील दर्शन हे गुन्ह्याचे फळ होय. कायदा नेहमीच शहाणा असतो, असा माझा दावा नाही. ज्या कावळ्याला आपण पितरांच्या नावे पिंड ठेवतो, तो याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर-घुशींच्या पंक्तीला उपद्रवी म्हणून बसला होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती उपद्रवींची अनुसूचीच काढून टाकली. कायद्याला पन्नास वर्षांनी जे सुचले, ते काकबळी ठेवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

आपल्या गृहस्थधर्मात पंचमहायज्ञ सांगितले आहेत. त्यांतील भूतयज्ञ म्हणजे स्वतः जेवण्यापूर्वी पशुपक्ष्यांचा वाटा बाजूला काढणे. वाटा काढणाऱ्याला वाटेकरी किती, हे ठाऊक असावे लागते. आज कोण आले, काल येणारा कोण आला नाही, हे अंगणात अन्न ठेवणारी गृहिणी न लिहिताही जाणत असे. ते जाणणे लिहून ठेवावे, एवढीच नव्या काळाची मागणी आहे.

म्हणून एक सूचना. आपल्या बहुतेक देवळांच्या आवारात पिंपळ आहे, वड आहे, पुष्कळ ठिकाणी तळीही आहे. फेब्रुवारीच्या मध्यास त्या चार दिवसांत तेथे मुलांना बसवून पंधरा मिनिटे पक्षी मोजवावेत, आणि तो कागद देवस्थानच्या दप्तरी जपावा. कर्नाटकातील आपल्या बांधवांना तर हे अधिकच शोभेल. नीळकंठ हा त्यांचा राज्यपक्षी आहे. आणि विजयादशमीला पिंजरा दारी आला, तर हात जोडण्यापूर्वी वनखात्याला कळवावे. गेडीस यांनी दिवाळीला जे करून दाखविले, चॅपमन यांनी नाताळाला जे करून दाखविले, ते आपल्याला दसऱ्याला करता येण्यासारखे आहे.

त्या रविवारनंतर मी दर महिन्याला एकदा पोलोग्राउंडावर जातो आणि पंधरा मिनिटे उभा राहतो. वहीत साळुंक्या आहेत, पारवे आहेत, तांबट आहे. थिरथिरा उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला, त्या महिन्यात त्याची जागा रिकामी राहिली. नीळकंठाचे नाव अद्याप वहीत नाही. तारेकडे मी दर खेपेस पाहतो. ज्या दिवशी तो दिसेल त्या दिवशी तारीख आणि वेळ लिहीन; भाचीचा प्रश्न पुन्हा आला, तर या वेळी साक्षीदाराजवळ उत्तर असेल.