परमिट रूम

महाराष्ट्रात विदेशी मद्य व बिअर जागेवर बसून पिण्याची आणि सोबत जेवण्याची सोय असलेले परवानाधारक उपाहारगृह. त्याला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा ‘एफएल-३’ परवाना लागतो. सीलबंद बाटली विकणारे वाइन शॉप (एफएल-२), क्लबचा बार (एफएल-४) आणि देशी दारूचा बार (सीएल-३) यांचे परवाने वेगळे असतात. कायद्याच्या भाषेत विदेशी मद्यात भारतात बनलेली व्हिस्की, रम, ब्रँडी, व्होडकाही येते, आणि परमिट रूमचा बहुतेक खप याच मालाचा असतो.

या व्यवसायाचा पाया ‘मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९’ हा आहे. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, तरी त्याचा गाभा बंदीचाच आहे: पिणे हा अपवाद आणि त्यासाठी परवाना हवा. १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी होती. त्या काळात शहराची तहान हातभट्टीने आणि वस्त्यांतील ‘आंटीच्या अड्ड्यां’नी भागवली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना (१९६३–७५) बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि अंधाऱ्या अड्ड्यातला ग्राहक टेबल-खुर्चीवर आला. मुंबईत उडुपी-मंगळुरूकडच्या शेट्टी मंडळींनी हा धंदा नावारूपाला आणला, आणि काही जुन्या इराणी हॉटेलांनीही चहा-ब्रूनमस्क्याच्या जोडीला किंवा त्याच्या जागी बिअर ठेवली.

ग्राहकाकडेही पिण्याचा परवाना असावा लागतो. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना ५ रुपयांना, आजीवन परवाना १,००० रुपयांना मिळतो. वयाची अट कडक मद्यासाठी २५ वर्षे, बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी २१ वर्षे. वेटरने वय विचारायला लाजू नये, हे चांगल्या मालकाचे पहिले शिक्षण.

नफ्याचे गणित. वाइन शॉपला छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. परमिट रूम स्वतःचे दरपत्रक ठरवते, म्हणून बाहेरून हा धंदा सोन्याचा वाटतो. प्रत्यक्षात मालाची खरेदी किंमत, कर आणि परवाना शुल्क या तिन्हींवर मालकाचा ताबा नसतो. ताबा असतो तो मापावर. ७५० मिलिलिटरच्या ‘खंब्या’तून ३० मिलिलिटरचे २५ पेग निघतात. हात सैल पडून पेग ३३ मिलिलिटरचा झाला, तर त्याच बाटलीत पुरते २३ पेगही निघत नाहीत. दिवसाला वीस-पंचवीस बाटल्या फुटणाऱ्या काउंटरवर ही गळती महिनाअखेरीस भाड्याएवढी होऊ शकते, आणि ती चोरी म्हणून दिसतही नाही. उलट बाजूने माप २७ मिलिलिटरवर आणले की बाटलीमागे जवळपास पावणेतीन पेग फुकट सुटतात. असे अनेक जण करतात. ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि धंद्याच्या दृष्टीनेही घातक आहे, कारण रोज बसणाऱ्याला आपला पेग ग्लासातल्या पातळीवरून ओळखता येतो. तो भांडत नाही, समोरच्या बारमध्ये जाऊन बसतो. म्हणून वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पेगमाप, रात्री गल्ला बंद करताना उघड्या बाटल्यांची मोजणी आणि ब्रँडनिहाय नोंदवही ही तिन्ही कामे मालकाने किंवा त्याच्या खात्रीच्या माणसाने स्वतः करावी लागतात. नोंदवही सरकारला दाखवण्यासाठी ठेवावीच लागते. शहाणा मालक ती आधी स्वतः वाचतो.

दुसरा आधार म्हणजे स्वयंपाकघर. दारू सगळीकडे तीच मिळते. बोंबील फ्राय, चिकन चिली किंवा मसाला पापड मात्र त्या घरचा असतो. टेबलावर येणारा फुकटचा चकणा (शेंगदाणे, चणे, फरसाण, काकडी) खारट-तिखट ठेवून पुढच्या पेगची सोय करतो, पण पोटभर जेवण विकले गेले तर ग्राहक जास्त वेळ बसतो, कमी झिंगतो आणि कुटुंबालाही घेऊन येतो. अनेक ठिकाणी पंख्याखालच्या आणि एसी भागाचे दर वेगळे असतात. एकाच छपराखाली हमाल आणि वकील दोघांनाही परवडणारी जागा ठेवणारी ही पद्धत मुंबईची मोठी मिळकत आहे.

उधारीने जितके बार बुडाले तितके बहुधा स्पर्धेने बुडाले नसतील. दुसरा धोका नोकरमाणसे गमावण्याचा: वेटर-कॅप्टनचे मोठे उत्पन्न टिपमधून येते, त्यामुळे टिपची वाटणी उघड आणि ठरलेली नसेल तर माणसे टिकत नाहीत, आणि माणूस गेला की त्याच्यामागे त्याची ठरलेली गिऱ्हाइकेही जातात.

कर व निर्बंध. पिण्याचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे एकाच बिलात जेवणावर जीएसटी आणि मद्यावर राज्याचा व्हॅट लागतो. परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये उत्पादन शुल्क आणि परवाना शुल्क वाढल्यावर १४ जुलै रोजी राज्यातील बारचालकांनी एक दिवस बार बंद ठेवले. परवान्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते आणि शुल्क गावाच्या लोकसंख्येनुसार बदलते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे कोरडे दिवस. मतदान संपण्याआधीचे ४८ तासही विक्री बंद. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगतच्या ५०० मीटरमधील (लहान गावांत २२० मीटरमधील) विक्री थांबली, तेव्हा महामार्गाच्या कडेला उभे राहिलेले कितीतरी धंदे एका रात्रीत बसले. पुढे शहरी हद्दींना सवलत मिळाली. डान्स बार हा परमिट रूमला जोडून वाढलेला वेगळा प्रकार. त्यावर २००५ मध्ये बंदी आली आणि त्याचा न्यायालयीन वाद २०१९ पर्यंत चालला.

२९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल आवारातील पबना लागलेल्या आगीत १४ माणसे गेली. दुसरी बाहेरची वाट मोकळी ठेवणे, गच्चीवर ज्वलनशील छत न उभारणे हा खर्च नफ्यातून वजा करण्याचा नाही. तो भाड्याइतकाच आधी मोजायचा. गाडी घेऊन आलेल्या, तोल गेलेल्या ग्राहकाला पुढचा पेग नाकारून रिक्षा बोलावून देणे हेही त्याच जबाबदारीत येते. चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला तर गुन्हा होतो.

परवाना कायमचा नसतो. गावातील किंवा प्रभागातील महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’ अशी चिन्हे असतात आणि आडव्या बाटलीला ठरलेल्या प्रमाणात मते पडली तर विक्री बंद होते. वर्धा व गडचिरोली हे जिल्हे पूर्ण दारूबंदीचे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ या काळात होती.