बुळकांडीचा शोध आणि बुळकांडीचा शेवट

राजे, लढाया आणि तहनामे यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. परंतु ज्या बैलांच्या खांद्यावर त्या राजांचा शेतसारा उभा होता, त्या बैलांच्या मरणाचा इतिहास लिहिण्याची बुद्धि फारशी कोणास झाली नाहीं. दुष्काळाच्या हकीकतींत पीक किती बुडालें आणि माणसें किती मेलीं याचे आंकडे सांपडतात. गुरांचा उल्लेख बहुधा शेवटच्या ओळींत, आणि तोही 'गुरेंढोरें पुष्कळ मेलीं' एवढाच. वस्तुतः बैल मेला म्हणजे शेतकऱ्याचें त्या वर्षाचेंच पीक जात नसे. पुढील दोनचार वर्षांची नांगरट, मोटेचें पाणी आणि सावकारापाशीं असलेली पत हीं सर्व त्याच्याबरोबर जात. ज्या रोगानें हा घाला वारंवार घातला त्यास आपल्याकडे बुळकांडी म्हणत. आज खेड्यांतील तरुणास हा शब्द विचारला तर तो गोंधळून पाहील, कारण हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाला आहे. रोगच राहिला नाहीं तर शब्द कोठून टिकणार?

रोगाचें रूप भयंकर होतें. प्रथम कडक ताप येई. जनावर रवंथ सोडी, कान टाकी, डोळ्यांतून व नाकांतून पाणी वाहूं लागे. दोनतीन दिवसांनीं हिरड्यांवर व जिभेखालीं कोंडा टाकल्यासारखे ठिपके दिसत आणि त्यांचे व्रण होत. मग दुर्गंधीचे, रक्तमिश्रित जुलाब सुरू होऊन आठदहा दिवसांत जनावर सुकून मरे. या रोगाचा विषाणु माणसांच्या गोवराच्या विषाणूचा अगदीं जवळचा आप्त आहे, हें पुढें कळलें. रोगी जनावराच्या श्वासानें व स्रावांनीं तो शेजारच्या जनावरास लागे. हिंदुस्थानांतील सपाटीवरच्या गुरांत शेंकडों वर्षांच्या सहवासानें त्यास तोंड देण्याची थोडीबहुत शक्ति आली होती. हिमालयांतील डोंगरी गुरांत व विलायती गुरांत ती जवळजवळ नव्हतीच. मात्र जें जनावर एकदां जगलें वांचलें त्यास हा रोग जन्मभर पुन्हां होत नसे. ही गोष्ट गुराख्यांस ठाऊक होती, आणि पुढील सर्व शास्त्र याच एका गोष्टीच्या पायावर उभें राहिलें.

आपल्या गांवांनीं या संकटास आपल्या परीनें तोंड दिलें. मरीआईचा गाडा काढून तो वेशीबाहेर पोंचवावयाचा, कांहीं दिवस बाहेरचें जनावर गांवांत घ्यावयाचें नाहीं, गांवचें बाहेर जाऊं द्यावयाचें नाहीं, असे निर्बंध असत. शहाण्यासुरत्या लोकांनीं या चालीस भाबडेपणा म्हणून हसण्याचा प्रघात आहे. परंतु देवीचा भाग क्षणभर बाजूस ठेविला तर बाकी राहतें तें विलगीकरणच, आणि त्या काळच्या युरोपांतील सरकारांस त्याहून फार चांगलें कांहीं सुचलें होतें असें नाहीं. फ्रान्समध्यें लिओं शहरीं १७६१-६२ सालीं बूर्जला यानें पहिली पशुवैद्यक शाळा काढली, तिच्यामागें याच रोगाची दहशत होती. इंग्लंडांत १८६५ सालीं परदेशांतून आलेल्या गुरांबरोबर हा रोग शिरला, तेव्हां लाखों जनावरें गमावल्यावर पार्लमेंटानें रोगी गुरें सक्तीनें मारण्याचा कायदा केला व दोन वर्षांच्या आंत साथ आटोक्यांत आणली. तो उपाय हिंदुस्थानांत चालणारा नव्हता. येथें गाय मारण्याचा हुकूम काढणें म्हणजे रोगापेक्षां मोठी आग लावणें, हें १८५७ नंतरच्या सरकारास सांगावें लागत नव्हतें.

येथील सरकारची दृष्टि प्रथम भलत्याच दिशेस गेली. उत्तर हिंदुस्थानांत १८५० नंतरच्या काळांत गुरें एकदम पटापट मेलीं कीं अधिकाऱ्यांस रोगाऐवजीं सोमल दिसूं लागे. कातड्यांच्या लोभानें चांभार लोक गुरांस विष घालतात, आणि हा एखाद्या माणसाचा गुन्हा नसून सबंध जातीचा धंदाच आहे, अशी समजूत सरकारी कागदांत पक्की होऊन बसली. विषप्रयोगाचे कांहीं खरे प्रकार घडले नसतील असें नाहीं. पण एका गुन्ह्यावरून जात गुन्हेगार ठरविणें हा न्याय नव्हे. आपल्याकडेही महारवाड्यावर असाच आळ येत असे. ज्यानें मेलेलें ढोर ओढून न्यावयाचें, कातडें काढावयाचें, आणि दुसरें कांहीं पोटास नाहीं म्हणून तें मांस खावयाचें, अशी गांवानेंच ज्याच्यावर सक्ति केली, त्याच्याच दारीं तें ढोर कशानें मेलें याचा जाब मागितला जाई. लष्करी पशुवैद्य हॅलन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या कमिशनचा अहवाल १८७१ सालीं प्रसिद्ध झाला. युरोपास ज्या रोगानें छळलें तोच हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं नांदत आहे, हें या कमिशनच्या चौकशीनें पुढें आलें. विषाच्या संशयास यामुळें एकदम पूर्णविराम मिळाला नाहीं; पण साथीस साथ म्हणण्यास सरकारी दप्तरांत जागा झाली, हें कांहीं थोडें नव्हे.

येथें मांसाविषयीं थोडें विषयांतर करणें अवश्य आहे. बुळकांडीनें मेलेल्या जनावराचें मांस खाऊन माणसास बुळकांडी होत नाहीं. तो रोग माणसाचा नव्हेच. पण रोगट मांस म्हणून त्याची जी अवस्था असते ती पशुवैद्यांनीं नीट अभ्यासिली आहे. निरोगी जनावर मारल्यावर त्याच्या स्नायूंतील साखरेचें आम्ल होतें. त्या आम्लानें मांसास रंग येतो व तें कांहीं काळ टिकतें. तापानें झिजलेल्या जनावराच्या स्नायूंत ती साखर उरलेलीच नसते. रक्त नीट निथळत नाहीं, मांस काळपट व चिकट राहतें आणि लवकर नासतें. फाशीनें मेलेल्या जनावराची गोष्ट तर याहून भयंकर. त्याचें शव फाडलें कीं रक्तांतील जंतु हवेच्या स्पर्शानें बीजरूप धारण करतात, मातींत वर्षानुवर्षें राहतात, आणि फाडणाऱ्याच्या हातास काळपुळी होऊन त्याचा जीव घेतात. म्हणूनच असें शव न फाडतां चुना घालून खोल पुरावें, असा आजचा दंडक आहे. परंतु ओढलेलें ढोर कोणत्या रोगाचें, हें शतकानुशतकें ज्यांस कोणी सांगितलें नाहीं, त्यांनीं किती मरणें पत्करलीं असतील त्याची नोंद कोठें मिळणार? १९२७ सालीं महाड येथील परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं मेलेल्या जनावराचें मांस सोडण्याचा उपदेश केला तो स्वाभिमानासाठीं होय. पण पशुवैद्यकाचा निकालही त्याच बाजूचा होता.

आतां प्रयोगशाळेकडे वळूं. लष्करी पशुवैद्यांची शाळा पुण्यास १८६२ पासून होती, मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक कॉलेज निघालें. पण या दोन्ही ठिकाणीं उपचार शिकवीत, शोध करीत नसत. डिसेंबर १८८९ मध्यें पुण्याच्या सायन्स कॉलेजांत इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडण्यांत आली व तिच्यावर डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांची नेमणूक झाली. हिंदुस्थानांतील पशुरोगसंशोधनाचा हा आरंभ पुण्यांत झाला, ही गोष्ट पुण्याच्या अभिमान्यांसही बहुधा ठाऊक नसते. या शाळेंत घोड्यांच्या सर्रा नांवाच्या रोगावरही बरेंच काम झालें. पंजाबकडे ग्रिफिथ एव्हन्स यानें १८८० सालीं घोड्यांच्या रक्तांत वळवळणारा सूक्ष्म परोपजीवी पाहिला होता, तोच हा रोग. घोडा हा फौजेचा, बैल हा रयतेचा. सरकारास आधीं कोणाची काळजी लागावी याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं.

बुळकांडीसारखा संसर्ग वस्तीच्या मध्यभागीं बाळगणें धोक्याचें होतें. म्हणून १८९३ सालीं ही प्रयोगशाळा उचलून कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें, सुमारें साडेसात हजार फूट उंचीवर नेण्यांत आली. भोंवतीं अरण्य, थंड हवा, आणि जवळपास ज्यास रोग चटकन् लागतो असें डोंगरी गुरूं, हे तिन्ही लाभ तेथें होते. तिसऱ्या लाभाचा अर्थ उघड आहे, आणि तो लपवूं नये. ज्या देशांत गाईस माता म्हणतात त्या देशाचीं गुरें वांचविण्यासाठीं कुमाऊंचे किती बैल त्या डोंगरावर मुद्दाम रोगी करून मारावे लागले!

१८९७ सालीं रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरास येऊन गेले. त्यांची हकीकत मौजेची आहे. आफ्रिकेंत हा रोग १८८७ च्या सुमारास शिरला, इथिओपियांत त्यानें मोठ्या दुष्काळास हात दिला आणि १८९६ मध्यें तो झांबेझी ओलांडून दक्षिणेंत पोंचला. तेथील सरकारनें कॉख यांस किंबर्लीस बोलाविलें. रोगानें मेलेल्या गुराचें पित्त निरोगी गुरास टोंचावें, म्हणजे तें सुरक्षित होतें, अशी रीति त्यांनीं काढली. पण तिचा पुरता पाठपुरावा करण्यापूर्वींच मुंबईस प्लेग भडकल्यामुळें जर्मन सरकारनें त्यांस इकडे धाडलें. पित्ताची रीति हिंदुस्थानांत रुजली नाहीं. एका जनावराच्या मरणावर थोड्याच गुरांचें रक्षण होई, आणि पित्ताबरोबर रोगही टोंचला जाण्याचें भय राही. मुक्तेश्वरीं १८९९ पासून रोगमुक्त बैलाच्या रक्ताचा रस, म्हणजे सीरम, तयार होऊं लागला. तो टोंचल्यावर संरक्षण तात्काळ मिळे, पण थोडेच दिवस टिके. कायमचें संरक्षण हवें तर सीरमबरोबर रोगी रक्तही टोंचावें लागे. आणि त्या रक्तांतून गोचिडांनीं पसरणारे दुसरे परोपजीवी गुराच्या अंगांत शिरत. औषधानें नवा रोग लागल्यावर शेतकरी टोंचणाऱ्यास दारांत कशाला उभा करील?

या अडचणींतून वाट निघाली ती शेळीमुळें. १९२० नंतरच्या दशकांत मुक्तेश्वरचे मुख्य जे. टी. एडवर्ड्स यांनीं बुळकांडीचा विषाणु बैलाऐवजीं शेळीच्या अंगांत वाढविण्यास आरंभ केला. मूळ हेतु साधा होता: शेळीच्या रक्तांत ते दुसरे परोपजीवी नसतात, आणि शेळी स्वस्तही पडते. परंतु एका शेळींतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत, असा विषाणूचा प्रवास पुष्कळ वेळ चालल्यावर एक अनपेक्षित गोष्ट दिसून आली. विषाणूची धार बोथट झाली होती. सपाटीवरच्या गुरास तो टोंचला तर थोडा ताप येई व ओसरे, सीरमची गरज लागत नसे, आणि संरक्षण मात्र वर्षानुवर्षें टिके. डोंगरी व संकरित गुरांस ही लस अजूनही जड जाई. तरी खेडोपाडीं बैलास टोंचून तो जिवंत परत देतां येईल अशी स्वस्त लस प्रथम हातीं आली ती हीच. जगाच्या पशुवैद्यकास हिंदुस्थानांतील प्रयोगशाळेनें दिलेली ही मोठी देणगी. तिचा उगम एका काटकसरींत व्हावा हें या देशास शोभण्यासारखेंच आहे.

याच सुमारास आपल्या गुरांनीं दुसरीकडे एक निराळाच इतिहास घडविला. १९२० सालीं हिंदुस्थानांतून ब्राझीलकडे जाणारीं वशिंडाचीं गुरें बेल्जमांतील अँटवर्प बंदरांत उतरविलीं गेलीं, आणि तेथें बुळकांडी पसरली. एका देशाचा रोग दुसऱ्यास वेळीं कळला पाहिजे, ही निकड युरोपास तेव्हां पटली. १९२४ सालीं पॅरिस येथें पशुरोगांचें आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन झालें तें त्यामुळेंच.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. हिंदुस्थान सरकारनें १९५४ सालीं राष्ट्रीय निर्मूलनाची मोहीम हातीं घेतली. केन्यांतील मुगुगा येथें वॉल्टर प्लॉराइट यांनीं १९६० च्या सुमारास वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढविलेली लस सिद्ध केली. ती कोणत्याही जातीच्या गुरास सोसे. या कामाबद्दल त्यांस १९९९ सालीं जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. आपल्याकडे बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ सालीं तामिळनाडूंत झाला, आणि २०११ सालीं सारें जग रोगमुक्त झाल्याची घोषणा झाली. देवीच्या रोगानंतर मनुष्यानें पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. यांत नामांकित शास्त्रज्ञांइतकाच वांटा बर्फाची पेटी घेऊन उन्हांत पायपीट करणाऱ्या, टोंचून घेण्यास नाखूष असलेल्या शेतकऱ्याच्या शिव्या खाणाऱ्या त्या टोंचणाऱ्यांचा आहे. त्यांचीं नांवें कोणत्याही ग्रंथांत सांपडत नाहींत.

विषाणूचे नमुने मात्र कांहीं प्रयोगशाळांत राहिले होते. इंग्लंडांतील पिरब्राइट संस्थेनें त्यांची संपूर्ण जनुकीय लिपि उतरवून घेतली व २०१९ सालीं आपला सांठा जाळून टाकला. इकडे ज्या शेळीनें बैलास वांचविलें तिच्याच मागें त्या विषाणूचा एक भाऊबंद लागला आहे. शेळ्यामेंढ्यांचा पी. पी. आर. नांवाचा हा रोग हिंदुस्थानांत १९८७ सालीं तामिळनाडूंत प्रथम ओळखला गेला. त्यापूर्वीं शेळ्यांत तशीं लक्षणें दिसलीं तर ती बुळकांडीच समजली जाई. त्याचें निर्मूलन २०३० पर्यंत करावें असा जागतिक संकल्प आहे, आणि मुक्तेश्वरच्या त्या डोंगरावर आतां त्याच्या लशीचें काम झालें आहे.