मसलतींचे पुस्तक

‘झान-ग्वो-त्स’ या चिनी ग्रंथनामातल्या शेवटच्या शब्दाशी मी बरेच दिवस अडले होते. ‘झान-ग्वो’ म्हणजे एकमेकांशी झुंजणारी राज्ये. ‘त्स’ म्हणजे डावपेच, पण बांबूच्या लेखनपट्ट्या असाही. इ.स.पू. पहिल्या शतकात ल्यू श्यांगने हान दरबारातली विस्कळीत बाडे लावून त्यांची 33 प्रकरणे केली, तेव्हा या बाडांना सहा वेगवेगळी नावे होती. सल्लागारांच्या युक्त्या म्हणून त्याने हे नाव ठरवले. मी ‘मसलत’ घेतला. त्यात सल्लाही आहे आणि कारस्थानाचा वासही.

हा दरबारी इतिहास नव्हे. मांडणी राज्यवार आहे, बहुतेक प्रसंगांना साल नाही. घटना दोन ओळींत उरकतात, भाषणे मात्र पानभर चालतात. क्रम्प या इंग्रजी अनुवादकाला तर ही वक्तृत्वाच्या सरावाची पाठमाला वाटली. 1973 साली मावांगत्वी इथल्या, इ.स.पू. 168मधल्या थडग्यात रेशमावर लिहिलेली याच धाटणीची 27 प्रकरणे सापडली. त्यांतली 16 पूर्वी कुणी वाचलेली नव्हती. त्यांच्या आधारे सू छिनची कारकीर्द जांग यीच्या मृत्यूनंतरची ठरते. म्हणजे दोन हजार वर्षे गाजलेली या दोघांची बौद्धिक झुंज झालीच नसावी!

मराठी वाचकाला इथे बखरी आठवतील, आणि अस्सल पत्रांपुढे त्या तपासणारे राजवाडेही. पण बखरीला बहुधा एक नायक असतो. इथे जो राजाला पटवेल तो जिंकतो, मग तो कुठल्याही बाजूचा असो. कन्फ्यूशियसपंथीयांना हेच खटकले. अकराव्या शतकात गहाळ प्रकरणे जमवणाऱ्या त्संग गुंगनेही प्रस्तावनेत सफाई दिली, की चुकीचे मत खोडायचे तर ते आधी लोकांना कळायला हवे.

मला मात्र कोल्ह्याची गोष्ट जास्त सांगते. वाघाला मागे घेऊन कोल्हा जंगलात फिरतो, जनावरे पळतात, आणि वाघाला वाटते ती कोल्ह्याला भ्यायली. मुलांच्या पुस्तकांत ती एवढीच येते. मूळ ग्रंथात छू राज्याचा राजा विचारतो, उत्तरेकडचे लोक माझ्या मंत्र्याला, जाओ शीशूला, इतके का भितात? उत्तर देणारा ज्यांग यी हा शीशूचा वैरी. गोष्ट संपवून तो म्हणतो, ते महाराजांच्या सैन्याला भितात. राजाही खूश, मंत्र्याचाही काटा काढला. गोष्ट म्हणजे भर दरबारातली चहाडी. म्हणून अनुवादात मी ती सुटी काढलेली नाही. आधीचा प्रश्न आणि नंतरची खुशामत तिच्यासोबतच ठेवली आहे.