सवच्या शेतकऱ्याने बंदूक कशी निवडली?

संशोधनाच्या आराखड्यात 'निवड' हा शब्द लिहिण्याआधी एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: त्या माणसासमोर निवडायला होतं तरी काय? आजचा लेख या एकाच प्रश्नावर आहे. उदाहरण बंदुकीचं घेतलंय, कारण त्यात ही अडचण फार स्वच्छ दिसते.

शिकारीवरची जुनी इंग्रजी पुस्तकं उघडा. हलकी रायफल कोणती घ्यावी, हरणाला कोणती पुरते, वजन किती असावं, गोळी किती अंतरापर्यंत सरळ जाते, यावर पानंच्या पानं सापडतील. जिम कॉर्बेटचं नाव तर बहुतेकांना माहीत असतं. चंपावतची वाघीण त्याने १९०७ मध्ये मारली आणि त्यानंतर त्याला रिग्बीची पॉइंट २७५ रायफल भेट मिळाली. डोंगरात दिवसभर खांद्यावर वागवता येईल अशी ती हलकी होती. जोडीला जड दुनळी रायफलही त्याच्याकडे होती. म्हणजे सकाळी बाहेर पडताना आज कोणती न्यायची हे तो ठरवू शकत होता. याला म्हणायचं निवड.

आता महाडजवळ सावित्रीच्या काठी या. सव हे गाव लोकांना गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे माहीत असतं. इथून आत पोलादपूरकडे, वरंध आणि आंबेनळी घाटांच्या पायथ्यापर्यंत, शेतीची रचना साधारण सारखीच आहे: खाली भात, वर उतारावर नाचणी-वरी, आणि त्याला लागून रान. रानात डुक्कर, माकड, भेकर, सांबर. भात पोटरीला आलं की शेतकरी रात्री माळ्यावर जागलीला जातो. डबे वाजवतो, आरोळ्या देतो, गोफण फिरवतो. एका रात्रीत डुकरांचा कळप शिरला तर खाण्यापेक्षा तुडवणंच जास्त होतं, आणि वर्षाचा दाणा जातो.

इथे दोन शब्द वेगळे ठेवा. पारध वेगळी, राखण वेगळी. पारधीत माणूस हाकारा घालून जनावराकडे जातो, राखणीत जनावर माणसाच्या शेतात येतं. ग्रंथालयात 'शिकार' या एका शीर्षकाखाली दोन्ही सापडतात, आणि मग राखणदाराचा इतिहास साहेबाच्या शिकारकथेत बुडून जातो. महेश रंगराजन यांच्या आकडेमोडीनुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत बक्षिसापोटी ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखावर बिबटे आणि २ लाख लांडगे मारले गेले. 'उपद्रवी' जनावर कोणतं हे सरकार ठरवत होतं, आणि त्या व्याख्येच्या मध्यभागी माणसाला व गुरांना मारणारं जनावर होतं. भात तुडवणारं डुक्कर कडेला होतं.

बंदुकीच्या बाबतीत खरी कलाटणी आहे १८७८ ची. लॉर्ड लिटनच्या काळातल्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगायला परवाना सक्तीचा झाला. युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनच या कायद्यात बदल मागितला. १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयसमोर ठेवलेल्या ११ मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने देण्याचीही मागणी होती. मिठाच्या गोंगाटात ही मागणी आपण विसरतो.

गंमत पुढे आहे. स्वातंत्र्यानंतरचा कायदा १९५९ चा, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू. त्यातलं कलम १३ काढून शांतपणे वाचा. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मागता येते. पण खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी? तिथे कायदा नाव घेतो ठासणीच्या बंदुकीचं. ठासणी पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. रायफलचा, म्हणजे आतून आटे पाडलेल्या नळीचा, या ओळीत उल्लेखच नाही. इंग्रजी पुस्तकातला 'कोणती रायफल?' हा प्रश्न शेतकऱ्यासाठी दोन पायऱ्या आधीच संपलेला होता.

ठासणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग छर्रे किंवा गोळी, हे सगळं गजाने ठासायचं. मागे निपलवर टोपी चढवायची. घोडा पडला की टोपी पेटते आणि बार उडतो. एक बार, मग पुन्हा पहिल्यापासून. अंधारात, माळ्यावर, समोर कळप असताना हे करून बघायची कल्पना करा.

त्यात कोकणातली हवा. काळी दारू ओल धरते. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, आणि हळवं भात तयार होतं ते त्याच्या शेपटालाच. ज्या आठवड्यांत बंदूक सर्वांत जास्त हवी, त्याच आठवड्यांत ती फुसकी जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. दिल्लीत कलम लिहिताना हा विचार झाला असेल असं मला वाटत नाही.

आता याच खोऱ्यातला निवृत्त फौजी घ्या. महाड-पोलादपूर भागातून सैन्यात जाण्याची परंपरा जुनी आहे, महाड तालुक्यात तर फौजी आंबवडे नावाचंच गाव आहे. हा माणूस वर्षानुवर्षं थ्री नॉट थ्री वापरून आलेला. साधारण ४ किलोची, पण भरवशाची रायफल. घरी आल्यावर ती मिळणार नाही, कारण ते लष्करी काडतूस. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने भारतात लष्करी मापाच्या शिकारी रायफलींवर बंदी आणली. पळवलेली लष्करी काडतुसं बंडखोरांच्या हाती कामाला येऊ नयेत, हे त्याचं कारण. कॉर्बेटच्या काळातल्या बड्या शिकाऱ्यांसाठी विलायती कारखान्यांनी लगेच नवी मापं काढली. पुढे आपल्याकडे ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ३१५ बोअरची शिकारी रायफल बनू लागली. तिचं काडतूस म्हणजे ऑस्ट्रियाच्या लष्कराचं जुनं ८ मिलिमीटर मानलिखर. आपल्या फौजेच्या रायफलीत ते बसत नाही, हाच त्याचा गुण! पण तीसुद्धा रायफलच. तिच्यासाठी वेगळं, पटेल असं कारण द्यावं लागतं.

म्हणून 'सरकार बंडाला घाबरलं, शेतकऱ्याला निःशस्त्र केलं' असं एका वाक्यात लिहून मोकळं व्हायचं का? थांबा. उतारावरचं शेत, खाली वाडी, रात्रीची वेळ. रायफलची गोळी चुकली तर ती किलोमीटरच्या हिशोबात पुढे जाते. छऱ्यांचा जोर काही दशक पावलांत ओसरतो, आणि करवंदीच्या जाळीतलं डुक्कर तसंही तीस-चाळीस पावलांवरच दिसतं. या भूगोलात काडतुसाची बारा बोअर ही खरोखर शहाणी बंदूक आहे. तिची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यातही बनत आली. माझं मत विचाराल तर रायफल नाकारण्यामागे सुरक्षिततेचं कारण टिकतं. बारा बोअरऐवजी ठासणी पुढे करण्यामागे मात्र ते टिकत नाही. तिथे जुना अविश्वासच बोलतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणखी एक गोष्ट बदलली. बंदुकीचा परवाना आणि जनावर मारायची परवानगी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी झाल्या. हातात कायदेशीर बंदूक असली तरी उभ्या पिकातल्या डुकरावर बार टाकायला कलम ११ खाली लेखी आदेश लागतो. भेकर, सांबर यांची हौसेची शिकार तर १९९१ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण बंदच आहे. त्यामुळे १९७२ नंतरच्या परवान्यांची संख्या पाहून 'शिकार वाढली' किंवा 'घटली' असा निष्कर्ष काढू नका. राखणदाराची बंदूक पुष्कळदा फक्त आवाजासाठी उडते, आणि आवाजाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

यावर काम करायचं असेल तर दोन व्यावहारिक सूचना. पुराभिलेखागारात 'रायगड' शोधत बसू नका, १९८१ पर्यंत जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. १८८३ च्या गॅझेटिअरमध्ये पोलादपूर हे महाड तालुक्यातच मिळेल. आणि गावात बोलताना 'शिकार करायचात का?' असं विचारलंत तर समोरचा गप्प होईल, साहजिकच आहे. 'जागलीला कोण जायचं?' असं विचारा.

शेवटी एक विषय सुचवतो, अजून कुणी धड हात लावलेला दिसत नाही. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला झालं, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला. या तारखांशेजारी महाड-पोलादपूरच्या भातकापणीचे दिवस मांडून बघा, आणि त्या आठवड्यांत बंदुका कुठे होत्या ते ठाण्याच्या नोंदवहीत शोधा.