३९० मिलिमीटरचा हट्ट

‘फास्ट अँड फ्युरिअस’मधला पॉल वॉकर गेला ती तारीख ३० नोव्हेंबर २०१३. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा इथे तो मित्राच्या शेजारी २००५ सालच्या पोर्श कॅरेरा जीटीत बसला होता. मार्च २०१४मध्ये तपासाचे निष्कर्ष जाहीर झाले. अपघाताचं मुख्य कारण वेग: ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी १३० ते १५०च्या दरम्यान धावत होती. पण तपास अधिकाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची नोंद केली. गाडीचे टायर नऊ वर्षं जुने होते.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. गाड्यांचा नाद आहे, पण तो मुख्यतः वाचण्यापुरता. ही नोंद वाचली तेव्हा पहिला प्रश्न पडला तो असा, की एवढी महागडी गाडी ठेवणारा माणूस टायर का बदलत नसेल? त्या एका गाडीचं उत्तर मला माहीत नाही. पण जुन्या स्पोर्ट्स कारसाठी टायर शोधणं हे प्रकरण किती अवघड असतं, हे त्यानंतरच्या वाचनात कळत गेलं. त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट मिशेलिनच्या टीआरएक्सची आहे.

ती कळायला आधी आपल्याच गाडीच्या टायरवरचे आकडे बघा. अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या टायरवर ९०/१००-१० असं लिहिलेलं दिसेल. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. तिसरा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. कोड रिव्ह्यूला असलं काही आलं तर आपण परत पाठवू. पण जगभरचे कारखाने, रिम्स आणि पंक्चरवाल्यांची यंत्रं याच खिचडीवर चालतात, म्हणून ती टिकली आहे.

मिशेलिन ही फ्रेंच कंपनी. मेट्रिक पद्धत जन्माला आली तोही फ्रान्सच. शिवाय कंपनीचा आत्मविश्वास दांडगा होता आणि तो अनाठायी नव्हता. रेडियल टायरचं पेटंट तिने १९४६मध्ये घेतलं, १९४९मध्ये तो बाजारात आणला, आणि पुढच्या काही दशकांत जगाने जुनी पद्धत सोडून तिचं अनुकरण केलं. अशा कंपनीने १९७५मध्ये ठरवलं, की आता टायर आणि रिम हे एकत्रच नव्याने आखायचे. रिमची कड बुटकी आणि वेगळ्या आकाराची केली. त्यामुळे टायरची भिंत एका सलग, सौम्य वळणात बसायची आणि ताण सगळीकडे सारखा वाटला जायचा. टीआरएक्समधल्या ‘टीआर’चा अर्थच मुळी ‘वाटलेला ताण’. गाडी वळणावर पक्की राहायची आणि खड्ड्यांत आदळायचीही कमी. एरवी या दोन्हींतलं एकच मिळतं.

आता नेहमीचा टायर चुकून या रिमवर चढवला तर धोका. म्हणून व्यासच असा निवडला की तो चढूच नये. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, सोळा इंच म्हणजे ४०६. टीआरएक्सच्या एका प्रमुख मापाची रिम होती ३९० मिलिमीटरची. बरोब्बर मधली. सुरक्षेसाठी घातलेलं हे कुलूप नंतर मालकांच्याच गळ्यात अडकलं.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. १९७९च्या फोर्ड मस्टँगला टीआरएक्सचा पर्याय होता, १९८०ची फेरारी माँडियाल ८ तर त्याच टायरवर आली. बीएमडब्ल्यू आणि साबनेही ते वापरले. पण बाकीच्या टायर कंपन्यांचं इंचांचं काम थांबलं नव्हतं. त्यांचे बुटक्या भिंतीचे टायर सुधारत गेले आणि टीआरएक्सचा फायदा विरघळला. ऐंशीचं दशक सरता सरता गाड्या बनवणारे इंचांकडे परतले. रस्त्यावर उरल्या त्या ३९०च्या रिम्स.

एखादा म्हणेल, तेव्हाच दोन-चार सेट घेऊन ठेवायचे. इथेच टायर बाकी सुट्या भागांपेक्षा वेगळा पडतो. गिअर तेल लावून कपाटात ठेवला तर तीस वर्षांनीही गिअरच असतो. रबर मात्र नुसतं पडूनही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करतात, भेगा पाडतात. त्यापासून वाचवणारी रसायनं आणि मेण रबरात मिसळलेलं असतं, पण टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हाच ते पृष्ठभागावर नीट येत राहतं. उभ्या गाडीला हे संरक्षण कमी मिळतं. स्पोर्ट्स कार तर बहुतेक वेळ उभीच असते. नक्षी नव्यासारखी, पण रबराची पकड गेलेली, असा टायर नजरेला फसवतो. त्याचं खरं वय भिंतीवरच्या चार आकड्यांत असतं: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. ही चार आकड्यांची पद्धत २००० सालापासूनची. तीनच आकडे दिसले तर तो टायर गेल्या शतकातला समजावा.

म्हणजे साठवता येत नाही, ताजाच बनवावा लागतो. ताजा बनवायचा तर त्या मापाचा पोलादी साचा हवा, आणि साचा यंत्रावर चढवण्याचा खर्च हजारो टायर निघोत की शे-दोनशे, सारखाच. जास्त काढून ठेवावेत तर ते गोदामात म्हातारे होणार. शिवाय जुनी पाककृतीही जशीच्या तशी वापरता येत नाही. टायरच्या रबरात पूर्वी जी तेलं मिसळत, त्यांतल्या कर्करोगाचा धोका असलेल्या घटकांवर युरोपीय संघाने २०१०पासून कडक मर्यादा घातल्या. त्यामुळे ‘तोच जुना टायर’ दिसायला जुना असला तरी आतून नवाच असतो.

मग ३९०ची रिम असलेल्याने करायचं काय? वाटा तीन. एक, मिशेलिन जुन्या गाड्यांसाठी आजही टीआरएक्सची काही मापं बनवते, ती महाग पडली तरी घ्यायची आणि कधी येतील याची वाट बघायची. दोन, चारही रिम्स काढून सोळा इंची बसवायच्या. टायर सहज मिळतात, पण गाडीचं मूळ रूप जातं. तीन, आहेत तेच टायर चालवत राहायचं. आमच्या धंद्यातले पर्यायही हेच: विक्रेत्याला पैसे देत राहा, स्थलांतर करा, किंवा सपोर्ट संपलेलं व्हर्जन चालवा. फरक एवढाच, की तिसऱ्या पर्यायात आमचा सर्व्हर पडतो, इथे माणूस जातो.

सॉफ्टवेअर निदान नक्कल तरी करू देतं. मॅकलॅरेन एफ-१ या नव्वदच्या दशकातल्या गाडीच्या देखभालीला कॉम्पॅकचा तेव्हाचाच लॅपटॉप लागतो, अशी बातमी २०१६मध्ये गाजली होती. तो लॅपटॉप गेला तरी नव्या यंत्रावर त्याचं सोंग आणता येईल. रबराचं सोंग आणता येत नाही.

मिशेलिनने यातून धडा घेतला असेल असं वाटतं ना? १९९०च्या दशकाअखेर तिने ‘पॅक्स’ आणला: पंक्चर झाल्यावरही धावणारा टायर, पुन्हा स्वतःची रिम, पुन्हा मिलिमीटर. २००५ची बुगाटी व्हेरॉन त्यावर आली, पुढे ५००ची आणि मागे ५४०ची रिम घेऊन. अमेरिकेत काही होंडा ओडिसी व्हॅन्सनाही तो बसवला होता, आणि तो टायर बदलायचं यंत्र सगळ्या दुकानांत नसल्याने ते मालक वैतागले. थोड्याच वर्षांत कंपनीने पॅक्सचा पुढचा विकास थांबवला. २०१६च्या बुगाटी शिरॉनचे टायर मिशेलिनचेच आहेत, पण रिम्स २० आणि २१ इंची.

याउलट १९८९ची माझ्दा एमएक्स-५. टायर १८५/६० आर १४, अगदी सर्वसामान्य माप. चौदा इंची रिम स्पोर्ट्स कारमधून हद्दपार झाली, तरी आपल्याकडच्या वॅगनआरसारख्या गाड्यांना ती आजही असते. त्या मापाची यंत्रं, रिम्स, कारागीर जगभर आहेत. जुन्या गाड्यांसाठी खास टायर बनवणाऱ्या कंपन्यांत नेदरलँड्सची फ्रेडेस्टाइन आहे, आणि तिला २००९मध्ये आपल्याच अपोलो टायर्सने विकत घेतलं. इतक्या लांबच्या हातांपर्यंत एखादी जुनी गाडी पोहोचते, ती तिचं माप सगळ्यांचं असतं म्हणून.

टीआरएक्स वाईट नव्हता. माझ्या मते तो त्याच्या काळातला अधिक शहाणा टायर होता. पण झिजणारा भाग बनवताना शहाणपणाइतकाच आणखी एक प्रश्न महत्त्वाचा असतो: आपण नसू तेव्हा हा दुसऱ्या कुणाला बनवता येईल का? इंजिन, पत्रा, रंग सगळं दुरुस्त करून गाडी पन्नास वर्षं जगवता येते. रस्त्याला टेकतात ते मात्र तळहाताएवढे चारच तुकडे, आणि ते दर काही वर्षांनी कुणीतरी ताजे बनवून द्यावे लागतात.