जालन्याच्या झाडीतली पाखरे

जालना म्हणजे उघडा माळ, इथे झाडीतल्या पाखरांचा कसला इतिहास, असे म्हटले जाते. मला हा ग्रह इथल्या ब्रिटिश लष्करी छावणीच्या काळातला वाटतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले डॉक्टर जेर्डन यांच्या १८६२-६४ च्या पक्षिग्रंथात जालन्याचे नाव येते. पण छावणीतल्या शिकाऱ्यांची नजर माळावरच्या तणमोर-पखुर्डीवरच असायची. झाडीतल्या पाखरांची नोंद ठेवली ती गावकऱ्यांनी, नावांत: ठोके देणारा तांबट, खोड कोरणारा सुतार, थव्याने कलकलणारे सातभाई, आमराईतला हळद्या. ही नावे साऱ्या महाराष्ट्राची आहेत, हा आक्षेप खरा. पण त्याने पुरावा बाद होत नाही. तांबटाला घनदाट अरण्य लागत नाही, जालन्यातल्या ओढ्याकाठचा वड-उंबरही पुरतो. घरटे मात्र तो बहुधा वाळक्या फांदीत कोरतो. सरपणासाठी ती तोडण्याआधी एकदा वर पाहा.