अक्षरापूर्वीची शाळा

सही करता येणारा कामगारही पगारपत्रकावरील दोन आकडे ताडून पाहत नाही, हे युनियनच्या कामात मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. अक्षर येते, ताडून पाहण्याची सवय नसते. ही सवय लागते कोठे, ह्याचा शोध घेता घेता मी बालशिक्षणाच्या इतिहासाकडे वळलो.

१९०७ साली रोममधील सान लोरेन्झो ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केले. आईबाप कामावर गेले की मुले चाळींच्या भिंती खराब करीत, म्हणून जागा दिली ती इमारतवाल्यांनीच! तेथे लाकडी दट्टे आपापल्या भोकांत बसवायचे असत. एक चुकला की शेवटचा बसत नसे, आणि मुलाची चूक मुलालाच दिसे. ते थांबे, पुन्हा पाही, मांडणी बदली.

पण हे साहित्य महाग. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ. वस्तीतली मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. साहित्य म्हणजे शंख, शिंपले, बिया, पाने, खडे. त्याच वर्षी त्याच मुलखात वारली वेठीविरुद्ध उठले होते, हे आमच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.

शिंपल्यांत काय आहे, असे कोणी विचारील. एकच ढीग मूल आधी रंगाने लावते, मग आकाराने. त्यासाठी नवा नियम मनात धरावा लागतो, जुना सोडावा लागतो आणि पुढे धावणारा हात आवरावा लागतो. वाचन आणि हिशेब ह्यांच्या पायाशी हीच कौशल्ये असतात, असे आजचे मानसशास्त्रही सांगते. 'प' आणि 'ष' यांतली एक रेघ हेरायची, तर नजर आधी बियांवर तयार झालेली बरी.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळाही निघाली. पुढे १९७५ साली केंद्र सरकारने बालविकास योजना काढली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर गेले. शिंपले मात्र सगळीकडे गेले नाहीत. तेथील बाईला सरकार 'सेविका' म्हणते आणि वेतनाऐवजी 'मानधन' देते. पोषण आहार, वजने आणि नोंदी ह्यांतून वेळ उरलाच, तर तिने मुलांपुढे बिया मांडायच्या, आणि तेवढ्यात एखादा पालक दारातून विचारतो, "बाई, पाटी कधी धरायला लावणार?"